डब्यावरचं कासव

माझ्या मामानं पिठाची गिरणी स्वतःच्या हातांनी उभी केली होती आणि गिरणीचं नवं दार स्वतःच्या स्वभावानं घालवलं होतं. सासरी माझं कुणाशी पटलं नाही, म्हणून मी त्याच्याकडे राहायला आले. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामाचंही कुणाशी पटत नसे, त्यामुळे आमचं छान जमलं. मी दळण टाकायची आणि मामा पट्टा, दगड आणि गावाची अब्रू सांभाळायचा. अब्रू सांभाळायचा म्हणजे चव्हाट्यावर मांडायचा.

त्याचं असं होतं. गावातले सगळे डबे एकसारखे, तेलाचे, पत्र्याचे. माणसांची नावंही तशीच, एका गल्लीत एकाच नावाचे तिघे. मामाला लिहिता येत होतं, अक्षरही वळणदार होतं. पण नाव लिहिलं की 'यातला कोणता?' असं विचारावं लागतं, आणि चित्र काढलं की कुणी विचारत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो दळणाच्या डब्यावर खडूनं चित्र काढायचा. हेडमास्तरांच्या डब्यावर किटली, झाकण थडथडणारी. वाण्याच्या डब्यावर तराजू, एक पारडं जरासं खाली. गावप्रमुखांच्या डब्यावर ढोल. आतून काय असतं ते सगळ्यांना ठाऊक.

खडू पुसला जातो, म्हणून चित्र दर वेळी नव्यानं काढावं लागे आणि त्यात ताज्या बातम्या येत. चावडीमागच्या घरातल्या दोन जावांच्या डब्यांवर दोन कोंबड्या होत्या. जावांचं भांडण असलं की कोंबड्या पाठीला पाठ लावून उभ्या, समेट झाला की चोचीला चोच. त्या घरात आज जावं की उद्या, हे लोक गिरणीत येऊन बघून जायचे. हेडमास्तर एकदा तावातावानं तक्रार करायला आले. मामानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी किटलीचं झाकण हवेत काढलं.

लोक चिडायचे, पण डबा घेऊन यायचेच. टपाल वाटणारा तर वेगळ्याच दुःखात होता. त्याच्या डब्यावर नुसता गोल असायचा.

"मामा, माझ्या डब्यावर काहीच का नाही?"

"तुझ्याबद्दल गावात कुणी काही बोलतच नाही रे. मी तरी काय काढू?"

बिचारा दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जाऊन कारण नसताना भांडला. त्या आठवड्यात त्याला छोटी शिंगं मिळाली. ती बायकोला दाखवायला त्यानं डबा जपून घरी नेला.

मामाच्या स्वतःच्या डब्यावर मात्र काही नसायचं. विचारलं तर म्हणायचा, "मला माझा डबा ओळखता येतो." आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

आता दाराकडे येते. गिरणीचं जुनं दार खालून कुजलं, एक दिवस बिजागऱ्यांसकट आडवं झालं. नवं दार करायचं काम सुतारकाकांकडे गेलं. काका मामाचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी पोत्यावर बसून दोघं चहा प्यायचे आणि गावाला नावं ठेवायचे. कामात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, फक्त तो हात हलवायला लावणारं कुणी नव्हतं. दाराचं कधीही विचारा, उत्तर ठरलेलं, "येत्या आठवड्यात." माप घ्यायला यायचे, माप हरवायचे, पुन्हा यायचे. दाराच्या जागी मी पोत्यांचा पडदा शिवून टांगला. वारा आला की पीठ भिंतीवर आणि भिंतीवरची धूळ पिठात.

तोवर काकांच्या डब्यावर मामा करवत काढायचा. दोस्त म्हणून तेवढी सूट होती. एक दिवस त्यानं करवत पुसली आणि कासव काढलं. काका बघून हसले. हसण्यावारी गेलं असतंही, पण त्याच दिवसांत काकांच्या मुलाला बघायला पाहुणे आले. मुलीचा बाप गाव बघत बघत गिरणीत शिरला आणि डबे न्याहाळत उभा राहिला.

"हे कासव कोण?"

न्हावी तिथंच होता, आणि न्हाव्याच्या डब्यावर उगीच जीभ काढलेली नव्हती. "तुमचे होणारे व्याही," तो म्हणाला.

लग्न जमलं, झालंही. पण भर मांडवात मुलीच्या बापानं काकांना हाक मारली ती "या कासवराव" अशी, आणि सगळा मांडव हसला. मामाही हसला. सुपातले हसतात, जात्यातले रडतात. काकांनी मामाकडे एकदा पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी गिरणीची पायरी चढायची सोडली.

ते डबा सायकलला बांधून चढावरच्या शेजारगावात दळायला न्यायला लागले. तिथली गिरणी जाडंभरडं दळायची. काकांच्या घरात जेवताना सगळ्यांचे दात कुरकुरायचे, पण कुणी ब्र काढायचं नाही. मी मामाला म्हटलं, "एकदा जा, चुकलं म्हण." तो म्हणाला, "कासवाला कासव म्हटलं, त्यात चुकलं काय?" पण संध्याकाळी तो दोन कपांचं आधण ठेवायचा, मग आठवून एक कप पाणी ओतून टाकायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही. खडू तेवढा चालू होता, पण आता चित्रं कशीतरी यायची. वाण्याचं पारडंसुद्धा सरळ व्हायला लागलं, तेव्हा वाणीच काळजीनं मला विचारून गेला, "मामांना बरं नाही का?"

आणि एक दिवस हातगाडीवर दार आलं. मागून अर्धं गाव. मामा गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत बसला होता. काका पायरीखालीच थांबले.

"दार आणलंय."

"कुणाचं?"

"ज्यानं दिवस मोजले त्याचं."

दार बघून मी हातातलं सूप खाली ठेवलं. त्या दारावर मामाची सगळी चित्रं कोरलेली होती. किटली, ढोल, तराजू, शिंगं, जीभ. दोन कोंबड्या चोचीला चोच लावून. गावातला प्रत्येक जण पुढे होऊन स्वतःला शोधत होता. डाव्या कडेला कासव होतं, पाठीवर दार घेऊन चाललेलं. आणि उजव्या कडेला एक उंदीर होता, मोठ्या मिश्यांचा, दुसऱ्यांच्या डब्यांच्या राशीवर बसलेला, पुढच्या पायात खडू. कोण ते सांगावं लागलं नाही. सगळे हसले आणि मग मामाकडे बघायला लागले.

मामानं मान तिरकी करून उंदीर न्याहाळला.

"शेपूट जरा लांब झालंय."

"जिभेएवढंच केलंय," काका म्हणाले.

मामा उठला आणि आत जाऊन त्यानं चहाचं आधण ठेवलं. काका पायरी चढले.

इथं गोष्ट गोड झाली असती, पण दार चौकटीत बसेना. चांगलं वीतभर रुंद होतं. माप घ्यायला गिरणीत यावं लागलं असतं आणि गिरणीत तर यायचं नव्हतं, म्हणून काकांनी माप आठवणीवरून धरलं होतं.

"उजवीकडून काप," मामा म्हणाला. "उंदीर गेला तर गेला."

"छे. डावीकडून कापतो. कासव माझं आहे."

"ते मी काढलंय. त्याला हात लावायचा नाही."

ज्या कासवावरून अबोला झाला ते वाचवायला दोघं असे भांडले की आम्हाला मध्ये पडावं लागलं. शेवटी दार भिंतीला टेकून ठेवलं आणि पडदा होता तिथंच राहिला. पुढे रोज संध्याकाळी काका पट्टी घेऊन यायचे, दार मोजायचे, मान हलवायचे आणि पोत्यावर बसायचे. "कधी बसवताय?" असं मी विचारलं की दोघं एकदम म्हणायचे, "येत्या आठवड्यात." काम झालं असतं तर मोजायला काही उरलं नसतं. मला ते दोघं फार आवडायचे, पण तसं कधी तोंडावर म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मामा गेला तो दुपारी, पोत्याला टेकून, दळण चालू असताना. सगळं आटोपल्यावर एका सकाळी मी गिरणी सुरू करायला गेले, तर काका हत्यारं घेऊन आधीच उभे. त्यांनी दाराला रंधा लावलाच नाही. भिंत फोडली, मोठी चौकट घातली आणि संध्याकाळपर्यंत दार बसवून उघडझाप करून दाखवलं. त्यांच्या आयुष्यातलं एका दिवसात झालेलं हे एकच काम.

"काका, हे तेव्हाही करता आलं असतं."

"आलं असतं," ते म्हणाले आणि हत्यारं गोळा करायला लागले.

थोड्या दिवसांनी ते डबा घेऊन आले. आता खडू माझ्या हातात होता. माझी चित्रकला बेताचीच, तरी मन लावून मी त्यांच्या डब्यावर ससा काढला. एका दिवसात दार बसवलं, तेवढा मान द्यायलाच हवा होता. काकांनी वाकून पाहिलं आणि सदऱ्याच्या बाहीनं ससा पुसून टाकला.

"कासव काढ."

"त्यावरूनच तर तुम्ही इतके दिवस—"

"ते त्यानं दिलंय. काढ तू."

मी कासव काढलं. ते पालथ्या घातलेल्या कढईला पाय फुटल्यासारखं दिसत होतं. काकांनी ते चालवून घेतलं.

"दळण कधी मिळेल?"

"येत्या आठवड्यात," मी म्हटलं.

ते हसायला लागले. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी त्याच बाहीनं पुसलं आणि सशाचा सगळा खडू त्यांच्या तोंडाला लागला. मी सांगितलं नाही. मामानंही सांगितलं नसतं. नव्या दारातून ते तसेच बाहेर पडले आणि गावातून घरी गेले.