दर्भाचा कावळा

डोळे मिटतायत, पण मी झोपणार नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. मी वर आलेय ती फक्त खिडकीचं माप घ्यायला. मालनआत्याच्या खोलीची ही खिडकी थेट रस्त्यावर उघडते. तिला मी मोरपंखी पडदा ठरवलाय. मापाची टेप हातातच आहे, दुपारचं ऊन कॉटवर अर्ध्यापर्यंत आलंय आणि त्या उन्हात पाय टाकून मी जरा आडवी झालेय, एवढंच.

खाली दुकानात पप्पा आणि अण्णाकाका बोलतायत. आत्याचं मसाला कांडपाचं दुकान. आत्या गेली, उद्या तेरावं. जेवणं उरकली की शेवंतामावशी किल्ली पप्पांच्या हातात देणार आणि तिच्या भावाच्या गावी जाणार. शेवंतामावशी म्हणजे आत्याच्या जोडीनं मशीन चालवणारी, तिच्याबरोबर याच खोलीत राहणारी. नात्यानं आमची कुणीच नाही. मशीन दोघींनी चालवलं, कागद एकटीच्या नावावर. आत्यानं लग्न केलं नव्हतं आणि मृत्युपत्रही केलं नव्हतं, म्हणून सगळं भावांचं. पप्पा म्हणालेत, खालचा गाळा भाड्यानं देऊ आणि वरची खोली स्वरांजलीला अभ्यासाला. स्वरांजली म्हणजे मी! दहावी ब, वक्तृत्वात तालुक्यात पहिली, आणि जन्मापासून हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी गादी टाकून झोपणारी. स्वतःचं दार असलेली खोली म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू.

खालचे आवाज हळूहळू पाण्यातून आल्यासारखे होतात. ऊन गुडघ्यापर्यंत चढतं.

"झाली का मापं?"

आत्या खिडकीत बसलीय. मिरची कांडताना बांधायची तसा नाकातोंडाला पंचा बांधलाय. नुसते डोळे दिसतात, आणि ते हसतायत.

"कसली मापं?" मी टेप पाठीमागे लपवते. टेप संपतच नाही. मी गुंडाळतेय, गुंडाळतेय, ती आपली कॉटवरून खाली, दाराबाहेर, जिन्यावरून चाललीय.

"मोरपंखी नको घेऊस, भवाने. रस्त्याची धूळ लगेच दिसती त्येच्यावर. मळखाऊ घे कायतरी."

माझे कान तापतात. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला बोलता येतं.

"आत्या, तू गेलीस ना?"

"गेले की. पर जेवले न्हाई आजून."

ती काय म्हणतेय ते मला बरोब्बर कळतं. दहाव्याला घाटावर तिच्या पिंडाला कावळा शिवला नाही. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की शिवत नाही, असं म्हणतात. मी विज्ञानाच्या बाजूची मुलगी आहे, या विषयावर विरोधात पाच मिनिटं सहज बोलेन. पण त्या दिवशी समोरच्या करंजावर कावळेच कावळे होते आणि एकही खाली येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाला गाठ मारून गवताचा कावळा केला, त्याची चोच पिंडाला टेकवली आणि म्हणाले, झालं. सगळे चपला घालून घरी.

"गवताच्या चोचीनं कुणाचं पोट भरतंय गं?" म्हणत आत्या उठते आणि जिना उतरायला लागते. मी मागोमाग. चौथ्या का पाचव्या पायरीला पायाखाली ओलं लागतं. बघते तर घाटाच्या पायऱ्या, खाली नदी, आणि आमचं सगळं घर तिथंच उभं. अजून दहावाच चाललाय.

पप्पा हात जोडून म्हणतात, "अक्का, तुझं वर्षश्राद्ध रीतसर करीन."

करंजावरचे कावळे माना वाकड्या करून बघतात.

अण्णाकाका म्हणतात, "अक्का, जोतिबाला अभिषेक घालतो. पाच जणांना जेवायला घालतो. बरं, अकरा!"

"ह्यो लहानपणापासनं बोली लावतोय बघ," आत्या माझ्या कानाशी म्हणते. ती त्यांच्या मधोमध उभी आहे आणि कुणालाच दिसत नाहीये.

मम्मी पदर सावरते. "वन्सं, तुमच्या साड्या कुणाला म्हणून देणार नाही हो. जपून ठेवीन."

"ती इरकल तिच्या कवाची डोळ्यात हाय. नेसून टाक म्हणावं." आत्या पंच्याआड खुदुखुदु हसते आणि मग कोपरानं मला ढोसते. "आता तू बोल की."

खऱ्या दहाव्याला मी बोलले नव्हते. कुणी मला विचारलंही नव्हतं, पण ते कारण नाही. मला न विचारता बोलायची सवय आहे हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. मी गप्प उभी होते आणि कावळ्यांकडे बघत मनात पडद्याचा रंग ठरवत होते. हो, तिथंच. घाटावर.

"बोल," आत्या म्हणते.

पिंडाच्या पलीकडे माईक उभा आहे, आमच्या शाळेतला, मानेला चिकटपट्टी लावलेला. परीक्षकांच्या खुर्चीत एक कावळा बसलाय. घंटी वाजते. आणि मी सुरू होते, कारण घंटी वाजली की मी सुरू होतेच. "आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक! मुलीला वारसा मिळतो तो उपकार म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून..." आवाज कसला लागलाय माझा! नदीपलीकडे जाऊन परत येतोय. हात योग्य जागी उठतो, योग्य जागी पडतो. टाळ्या. कावळ्यानं डोळे मिटून घेतलेत.

"झ्याक," आत्या म्हणते. "दिवाळीतबी असंच बोललीस."

आणि आम्ही दिवाळीत आहोत. दुकानात फराळाच्या डब्यांची रांग, बाहेर लवंगी फटाके, आत्या मसाल्याच्या पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवतेय आणि मला सांगतेय, "स्वरा, तुझं अक्षर ब्येस हाय. येक कागद लिहून दे मला. माझ्यामागं दुकान आन् वरची खोली शेवंताला. भावास्नी घरं हायत. तिला न्हाई."

आणि मी फराळाच्या करंजीचा तुकडा तोंडात धरून म्हणतेय, "अगं आत्या, मृत्युपत्र असं नुसतं लिहून नाही चालत! दोन साक्षीदार लागतात, त्यांच्यासमोर तू सही करायची, त्यांनी तुझ्यासमोर करायची. साधा कागद चालतो, पण भाषा पक्की हवी. तू काळजीच करू नकोस. माझी स्पर्धा होऊ दे, मग मी एकदम फर्स्टक्लास करून देते."

"विषय काय हाय गं स्पर्धेला?"

"वारसा हक्क!"

स्पर्धा झाली. ढाल मिळाली. आत्यानं ती ढाल आठवडाभर गिऱ्हाइकांना दाखवली. कागदाचं नाव तिनं परत काढलं नाही आणि मीही नाही. माझ्या डोक्यात तोपर्यंत पूर्वपरीक्षा आली होती. मग एका सकाळी ती मशीनजवळ छातीला हात लावून खाली बसली.

"आत्ता लिहूया," मी म्हणते. घाईघाईनं म्हणते, कारण पुन्हा घाट आहे आणि पाणी पायऱ्या चढतंय. "आत्या, आत्ता लिहू. कागद कुठाय?"

ती पिंडाखालची पत्रावळ माझ्यापुढे सरकवते. मी बोटानंच लिहायला लागते. अक्षर उमटतं आणि पुसतं.

"साक्षीदार?" ती विचारते. "दोन लागतात म्हणालीस."

"मी नाही चालणार. मला अठरा पूर्ण नाहीत."

"आन् कावळा?"

"आत्या, मस्करी नको ना."

"मग कशाला लिहिती? आता लिहून काय हुतंय? मी काय सही कराय येतीया व्हय?" पहिल्यांदाच तिचे डोळे हसत नाहीत. "शेवंता कुठं जाणार हाय उद्या?"

"तिच्या भावाकडे. पप्पा म्हणाले."

"पप्पांनी बघितलाय तिचा भाऊ?"

"...नाही."

"तू?"

मी आठवून बघते. राखीपौर्णिमेला पप्पा आणि काका इथं येतात. आत्या त्यांना ओवाळते. तबक शेवंतामावशी धरते. दर वर्षी तीच धरते. त्या दिवशी ती कुठल्या गावाला गेलीय, असं मला एकदाही आठवत नाही.

"भाऊ नाहीये का तिला?"

आत्या मागे बोट दाखवते. पायऱ्यांच्या पार शेवटी, सगळ्यांच्या मागे, शेवंतामावशी पदर तोंडाला लावून उभी आहे. तिला कुणी पुढं बोलावलं नाही. ती घरातली नाही ना. तिनं आत्याचं नुसतं नाव घेतलं असतं तरी ते कावळे आले असते असं मला वाटतं, आणि त्याच क्षणी असंही वाटतं की मी तिला का बोलावत नाहीये? तोंड उघडायचं आणि हाक मारायची. मी उघडते. आवाज येत नाही. आत्ता इतका मोठा होता, नदीपलीकडे जात होता. मला पळून जावंसं वाटतं. पायऱ्या नाहीत. मशीन धपाधप चाललंय, लाल धुरळा उडतोय, आणि आत्यानं पंचा सोडलाय.

किती थकलेली दिसते ती.

"लाज वाटती?" ती विचारते.

मी होकारार्थी मान हलवते.

"खोली कुणाला नको असती? मलाबी लई हौस हुती." ती मशीनमधून ताजा मसाला चिमटीत घेते. "तोंड उघड."

"आत्या, मला तिखट..."

"उघड म्हणते ना."

ती चिमूट माझ्या जिभेवर ठेवते. बोटं गार आहेत तिची, आणि मसाला गरम.

मी ताडकन उठून बसते. ऊन कॉटवरून उतरून भिंतीला गेलंय. खिडकीत कुणी नाही. आणि माझं तोंड पेटलंय! खरंच पेटलंय. जीभ, हिरड्या, ओठ, नाक वाहतंय, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आमच्या घरात सुतक आहे, इतक्या दिवसांत साधी फोडणीसुद्धा पडलेली नाही. दुपारी मी वरणभात आणि दही खाल्लंय.

मी तशीच जिना उतरते. पप्पा आणि काका रिकाम्या पोत्यांवर बसून चहा पितायत. शेवंतामावशी कोपऱ्यात चादरीत तिचं सामान बांधतेय. मला बघून ती गाठ अर्धी सोडून उठते.

"रडू नगं गं लेकरा. लई जीव हुता तुझ्यावर आत्याचा."

"पप्पा," मी म्हणते. जीभ वळत नाही, शब्द जाडेभरडे येतात. "आत्याला दुकान आणि खोली शेवंतामावशीला द्यायची होती. दिवाळीत म्हणाली मला. कागद लिहून दे म्हणाली. मी दिला नाही."

काकांचा कप बशीवर वाजतो. "अगं मग घाटावर काय तोंड शिवलं होतं? एरवी भाषणं ठोकत फिरतेस गावभर!"

पप्पा काकांना हातानं थांबवतात. "का बोलली नाहीस, बाळा?"

बाळा म्हणाले. मला वाटतं जमीन फाटावी. सांगायला चांगली कारणं मला येत होती. लहान आहे, घाबरले, कुणी विचारलं नाही. तीनही मुद्दे खणखणीत मांडता आले असते.

"मला वरची खोली हवी होती," मी म्हणते.

पप्पा माझ्याकडे बघत नाहीत, चहात बघतात. मग चेहरा वर न करता ते म्हणतात, "शेवंताबाई, तुमचे भाऊ कुठल्या गावी असतात?"

शेवंतामावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते.

"त्ये... तुमास्नी अवघड वाटू नये म्हून म्हनले हुते," ती म्हणते.

पप्पा कप खाली ठेवतात. "गाठोडं राहू द्या," ते म्हणतात. "कागदाचं मी बघतो."

काका आपला उरलेला चहा एका घोटात संपवतात. शेवंतामावशी गाठोड्याकडे जात नाही. ती माझ्याकडे येते, माझी हनुवटी धरून वर करते, उजेडाला वळवते.

"आन् हे काय गं? जीभ कशी लाल भडक झालीया! काय खाल्लंस? मसाला तर कणभर ऱ्हायला न्हाई हितं, मशीन धुऊन-पुसून ठिवलंय मी."

ती फळीवरचा डबा काढते, चिमूटभर साखर घेते आणि म्हणते, "आ कर." तिची बोटं माझ्या ओठांना लागतात. मी डोळे मिटून घेते, कारण तिच्याकडे बघवत नाही.

साखर विरघळून जाते. जीभ तशीच जळत राहते.