रंग लागला की सावध

अंबडच्या आमच्या कारखान्यात ताज्या रंगाचा वास आला, की निवृत्तीअप्पा चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, "आज कोणाची पोर दाखवायला काढली?" पोर म्हणजे मशीन. मशीनला रंग लागला की पाहुणे येणार आणि पाहुणे आले की काहीतरी घेऊन जाणार, हा अप्पांचा सिद्धान्त. मी तिथे स्टोअरला होतो. आम्ही हसायचो. संशय अप्पांच्या पाचवीलाच पुजलेला; देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून खाणारा माणूस. साहेबांनी भाषणात "जग जवळ आलंय" म्हटलं, तेव्हा अप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "जवळ आलंय म्हंजे त्याचा हात आपल्या खिशात पोचला."

एकदा अप्पा स्वतः चालवायचे त्या पत्रा ठोकायच्या प्रेसलाच हिरवा रंग लागला. पाठोपाठ कंपनीच्या परदेशातल्या नव्या कारखान्यातून एक कामगार आला आणि अप्पांना हुकूम झाला, याला प्रेस शिकवा. मशीन जाणार आणि मागोमाग आपली नोकरी, हे अप्पांनी तिथेच ओळखलं. "उगाच काहीतरी, अप्पा," मी म्हटलं. "सोयरीक जमली रं," ते म्हणाले, "फकस्त आपल्याला आवतन नाय."

मग ते हातचं राखून शिकवू लागले. त्या प्रेसला एक खोड होती. कधीकधी ती आपोआप दुसरा ठोका मारायची आणि त्याआधी तिचा आवाज जरासा जड व्हायचा. अप्पांच्या डाव्या तर्जनीचं पेर तिनंच खाल्लं होतं. ही खोड सोडून अप्पांनी पाव्हण्याला बाकी सगळं दाखवलं.

एका दुपारी जेवताना पाव्हण्याने मोबाइलवर घराचा फोटो दाखवला. पत्र्याची खोली, दारात आई. अप्पा म्हणाले, "इचार त्याला, पगार किती." मी मोबाइलवरच भाषांतर करून विचारलं. उत्तर ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. "माझ्या निम्मा बी नाय! लय हुडकून काढला रं यांनी, माझ्यापरीस गरीब."

जेवण होताच ते त्याला प्रेसपाशी घेऊन गेले. तुटकं बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. बराच वेळ दोघं कान देऊन उभे होते. आवाज जड झाला, तसा अप्पांनी त्याचा हात खस्सकन मागे ओढला. ठोका रिकामाच पडला. मला अप्पांचा अभिमान वाटला आणि रागही आला; माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत होता.

खंडेनवमीला दरवर्षी मशीनची पूजा व्हायची. त्या वर्षी तेवढीही उसंत मिळाली नाही. प्रेस परदेशी धाडायच्या खोक्यात जाण्याआधी अप्पांनी घाईने तिला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. "नीट नांद," म्हणाले, "कोणाचं बोट खाऊ नको." महिन्याभरात आमचा विभाग बंद झाला. अप्पा आता सिन्नरला एका गोदामाच्या फाटकावर बसतात.

परवा मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. पाव्हण्याने मला फोटो पाठवला होता: आमची प्रेस, तिच्यावर पिवळ्या फुलांची माळ आणि शेजारी तो, दोन्ही पंजे पसरून हसणारा. अप्पा खूश होतील असं मला वाटलं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "बोटं समदी हायेत," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"आरं, ही निळी कधी झाली?"

खरंच, रंग नवाकोरा होता.

"कळव त्याला," अप्पा म्हणाले. "आत्ताच कळव. म्हणावं, पाव्हणे निघालेत."