लाल गाडीची खोड

दादानं जुनी लाल स्पोर्ट्स कार आमच्या बोरीला आणली, तेव्हा तिच्या आवाजानं पार पलीकडच्या निमगाव सावा गावातल्या म्हशींनी पान्हा सोडला. शपथेवर सांगतो, शपथ माझी आहे, तेव्हा अंदाज घ्या. दोन दारं, दोन सीटा आणि पोट इतकं खाली, की गतिरोधकावरून खेकड्यासारखी तिरकी न्यावी लागे.

दादा जाऊन दोन वर्षं झाली. मी नवी छोटी कार घेतली. फार गुणी. कांद्याच्या गोण्या, आई, आईच्या चार मैत्रिणी, सगळं मावतं. पट्टा लावा म्हणून टुणटुणते. आवाज मात्र असा, की कोंबडीसुद्धा बाजूला होत नाही. लाल गाडीत बसलं की रस्त्यातला खडा न खडा पाठीला कळायचा.

टायर बसू नयेत म्हणून तिला मी अधूनमधून फिरवायचो. वळणावर आवाज झाला की वहिनी आतून म्हणायची, "आले." नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही, दादा आला की एवढंच म्हणायची. नवी गाडी आली की मात्र सरळ "आली". मग बाहेर येऊन लाल गाडीच्या मोकळ्या सीटकडे बघायची. मला ते बघवेना. गाडी विकायची ठरवली.

डिंभ्याचा एक गिऱ्हाईक भर दुपारी आला. बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, "राव, लई भारी. खोड काय हिची?"

वहिनी दारात उभी होती, दवाखान्याबाहेर उभं राहावं तशी. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकच, भाऊ. ही आपली आपण सुरू होते."

"येडा समजता काय मला?" तो वहिनीकडे वळला. "ताई, तुमी सांगा."

वहिनीनं पदर सारखा केला. "खरं हाय पावणं. मंगळवारी भावजी शेतावर व्हते, किल्ली त्यांच्याच खिशात. दुपारचे येऊन गेले."

"कोण?"

तिनं लाल गाडीच्या मोकळ्या सीटकडे बघितलं. गिऱ्हाईकानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघाला.

मी हसत आत गेलो. "वहिनी, थाप मारावी तर तू."

"कसली थाप, भावजी?"

संध्याकाळी बॅटरीची वायर सोडायला शेडात गेलो. बॉनेट उघडलं, पाना लावला, वहिनीचं 'आले' आठवलं आणि वायर तशीच ठेवून परत आलो.