कोऱ्या वहीची पूजा

आमच्या दवाखान्यात पेशंटला नाव नव्हतं, गाव होतं. म्हणजे केसपेपरवर नाव असायचं, पण वार्डात हाक गावाचीच. पुसदला सलाईन लावा, ढाणकीला जेवण देऊ नका, सकाळी ऑपरेशन आहे. बाहेरचा माणूस ऐकून दचकायचा. आम्हाला सोयीचं होतं. बंजाऱ्यांच्या एका तांड्यातून चार बाया यायच्या, चौघींचं आडनाव एक आणि दोघींचं नावही एकच. नावानं कुठवर निवडणार?

तालुक्याच्या गावातला खाजगी दवाखाना. मी बायकांच्या वार्डाची इन्चार्ज सिस्टर होते. व्यवस्थापक नवे आले ते जिनिंगमधून. कापसाच्या गाठी मोजता मोजता माणसांकडे वळले होते. आल्या आल्या त्यांनी मीटिंग घेतली, एक लाल पुठ्ठ्याची वही दाखवली आणि म्हणाले, उपचारात काही चूक झाली की यात बिनधास्त लिहायचं, घाबरायचं नाही. त्याच दमात म्हणाले, ज्या वार्डात वर्षभर एकही चूक नाही त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार होईल. आम्ही काही दूधखुळ्या नव्हतो. दोन्ही वाक्यं नीट समजली.

वही त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. पहिल्याच महिन्यात एक वॉर्डबॉय किल्ली मागायला गेला. न्हाणीघरात शेवाळ धरलं, म्हातारी घसरली, एवढंच त्याला लिहायचं होतं. किल्ली मिळायच्या आधी त्याला मेमो मिळाला, की शेवाळ तुम्हाला आधी काहून दिसलं नाही. झालं. त्यानंतर आमच्या दवाखान्यात चुका होणं बंद झालं.

खंडे नवमीला आम्ही बीपीचं मशीन, कात्र्या, चिमटे मांडून पूजा करायचो. व्यवस्थापक ती वहीपण आणून ठेवायचे. दरवर्षी हळदीकुंकू पडून पडून पुठ्ठ्याचे काठ पिवळे झाले. आत एक अक्षर नाही. कोणी विचारलं की ते हसून म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका सोमवारी मी सुट्टीवरून आले. ढाणकीला जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं होतं. माझ्या सुट्टीत भरती झालेली ढाणकी, शुगरची; तिला मी पाहिलं नव्हतं. मी सुई भरली आणि खिडकीजवळच्या खाटेवर पडलेल्या बाईला विचारलं, ढाणकी का? ती हो म्हणाली. खोटं कुठं बोलली बिचारी, ढाणकीचीच होती. फक्त ती रविवारी पोटदुखीनं भरती झालेली दुसरी ढाणकी होती, आणि शुगरवाली हातपाय धुवायला गेली होती. मी सुई दिली. तिची सून बाजूला बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "माह्या सासूले शुगर नाही ना बाई, मंग पोटात सुई कायले देल्ली?"

डॉक्टरांना बोलावून आणेपर्यंत बाईला दरदरून घाम सुटायला लागला. माझ्या हाताखालच्या सिस्टरनं धावत जाऊन ग्लुकोजची बाटली आणली, डॉक्टरांनी लगेच लावली. तासाभरात बाई उठून बसली आणि चहा मागितला. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी पंख्याकडे. लिहायचं का, असं दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. त्या वर्षीची शाल माझ्या वार्डाला मिळाली. मरून रंगाची, बरी होती.

ती ग्लुकोज आणणारी सिस्टर तांड्यावरची, दोन लेकरांची आई. म्हाताऱ्या पेशंटला याडी म्हणायची, म्हणजे आई. पुढच्या वर्षी तिची बदली पुरुषांच्या वार्डात झाली. तिथं एका आठवड्यात दोन केळापूर जमले. एकाची बीपीची गोळी तिच्या हातून दुसऱ्याला गेली. त्याचं बीपी आधीच कमी. म्हातारा संडासला उठला, चक्कर येऊन पडला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ती व्यवस्थापकांकडे गेली आणि तिनं किल्ली मागितली. व्यवस्थापकांनी नंतर या म्हटलं, तर तिथंच उभी राहिली, मिळेपर्यंत. तिनं वहीचं पहिलं पान लिहिलं. कोणती गोळी, कोणाला, किती वाजता. खाली लिहिलं की आपण पेशंटला गावाच्या नावानं हाक मारतो म्हणून हे होतं, मनगटाला नावाची पट्टी बांधावी. मी मनात म्हटलं, बाप्पा, ही तर आ बैल मुझे मार. मला तिचा राग आला होता, खरं सांगते. तिनं लिहिलं, त्यामुळे मी लिहिलं नव्हतं ते उघडं पडलं होतं, निदान माझ्यापुरतं.

चौकशीला व्यवस्थापक, पुरुषांच्या वार्डाचे डॉक्टर आणि सर्वांत जुनी सिस्टर म्हणून मी. ती समोर उभी. तिचं म्हणणं एवढंच की दोष पद्धतीचा आहे, तिच्या जागी कोणाच्याही हातून हे झालं असतं. व्यवस्थापक म्हणाले, ठीक आहे, गावाच्या नावामुळे आधी असं झालं असेल तर दोष पद्धतीचा मानू, हिला कामावर ठेवू. नसेल झालं तर दोष हिचा. आणि माझ्याकडे वळले.

"सिस्टर, तुमच्या वार्डात असं कधी झालंय?"

"नाही," मी म्हटलं.

कारणं सांगत बसत नाही. मी भ्याले. ती माझ्याकडे बघत होती. संध्याकाळी तिचा हिशेब झाला. व्हरांड्यात पिशवी घेऊन उभी होती. मी काहीतरी पुटपुटले असेन.

"मी आपलंच लिवलं, सिस्टर," ती म्हणाली. "तुमचं नाही लिवलं."

त्यानंतर दोन वर्षं मी तिथंच नोकरी केली. मनगटाला पट्ट्या आल्या नाहीत. शाल आणखी एकदा मिळाली.

निवृत्तीच्या दिवशी पुन्हा शाल, पुन्हा नारळ, व्यवस्थापकांचं भाषण. ते संपल्यावर मी वहीची किल्ली मागितली. त्यांना वाटलं, चार कौतुकाचे शब्द लिहीन. आनंदानं वही काढून दिली. मी दुसरं पान उघडलं. ढाणकी, इन्सुलिन, माझ्या हातून. आणि चौकशीत विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, हेही लिहिलं. खाली सही केली.

त्यांनी वाचलं. चिडले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे आज कशाला, सिस्टर? आता कोण तुमचं काय करणार आहे?"

"म्हणूनच आज लिहिलं, सर."

त्यांनी वही कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. मी नारळ उचलून घरी गेले.