मुरबाडची तारीख

शहापूरला माझं सायबर कॅफे होतं, तेव्हा सापगावची एक मावशी नेमानं यायची. वडिलांच्या शेतातल्या हिश्शासाठी तिनं सख्ख्या भावावर मुरबाडच्या कोर्टात दावा लावला होता. कोर्टाच्या केसेस तेव्हा नुकत्याच इंटरनेटवर दिसू लागल्या होत्या. चपला बाहेर काढून ती आत यायची आणि पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत विचारायची, "पुढची तारीख कदी हाय रे?" तारीख ऐकली की तिचा चेहरा खुलायचा. कोर्टाच्या तारखेनं खुलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

एकदा निकालच लागलेला दिसला. मी ओरडलो, "मावशी, जिंकलात! दावा मंजूर झाला!"

"नि तारीख?"

"आता कसली तारीख? केस संपली."

ती खुर्ची ओढून बसली. "दादा घरात घेत नाय, बोलत पन नाय. तारखेला समोरच्या बाकड्यावर बसायचा, तेवढाच डोळे भरून दिसायचा."

मग तिनं हळूच विचारलं, "मला हिस्सा नको, असं सांगायला परत कोर्टात जाता येल का रे? मंग त्याला पन बोलावतील ना?"