कालव्याकडचा कडूपाला

तात्याबानं दाढी केली की ओळखायचं, उद्या सांगलीची पोरगी येणार. एरवी गालावर महिन्याचे खुंट घेऊन बसणारा हा गडी त्या दिवशी पटका धुवायचा, माझ्या टपरीवरनं बिस्किटाचा पुडा घ्यायचा आणि वर मलाच बजावायचा, "लालासाब, उद्या दूध चांगलं आन रं. पानचट नगं." माझ्या दुधाला नावं! बावीस वर्षं फौजेत काढली मी, असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

पोरगी म्हणजे संयोगिता. पलूसच्या बागायतदाराची लेक, सांगलीच्या कॉलेजात संशोधन करणारी. आमच्या आटपाडीकडच्या माळावर ती आली कडूपाल्यासाठी. माळावरच्या झुडपाचं हे आमच्याकडचं नाव. पुस्तकातलं तिला ठाऊक. तात्याबाची बायको हरणाबाई तापावर त्याचा काढा मेंढरांना पाजायची, माणसांनाही पाजायची, आणि तोंड वाकडं केलं तर शिव्या घालायची. मागच्या साथीत ती गेली. मुलगा बिरदेव तमिळनाडूत गलाईचं काम करतो, म्हणजे सोनाराकडचा केर आणि जुनी मोड वितळवून सोनं काढायचं. सून-नातवंडं तिकडंच. गुडघा गेल्यावर तात्याबानं मेंढरं विकली. घरात उरला तो आणि एक रेडिओ, तोही बिघडलेला.

संयोगिता पहिल्यांदा आली ती ऐन चैत्रात. तात्याबानं डोंगराच्या माथ्यावरनं पाला आणून दिला. दीड महिन्यानं नाचतच परत आली आणि टपरीच्या बाकड्यावर बसून तिनं आम्हा दोघांना समजावलं. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं. प्रत्येक पेशी आपल्या घरातला मोडका कचरा गोळा करते, मोडते आणि त्यातनंच नवं घडवते. काही विषाणू नेमकं हेच काम बंद पाडतात आणि आत मुक्काम ठोकतात. कडूपाल्याच्या अर्कानं काचेच्या ताटलीतल्या पेशींचं ते काम पुन्हा सुरू झालं, आणि कचऱ्याबरोबर विषाणूही मोडीत निघाला.

"म्हंजी गलाईच की!" तात्याबा म्हणाला. "माजा बिरदेव करतो त्येच."

पोरगी खो खो हसली. "गलाईच, आबा. पण हे ताटलीत झालं. माणसाला गुण येतो का, ते कळायला अजून कैक वर्षं जातील. मला आणखी पाला लागेल."

"दीन की. तू ये."

त्यानंतर ती तीनदा आली. दर खेपेला तात्याबाची पिशवी भरून तयार. ती त्याच्याकडं भाकरी खायची, हरणाबाईच्या गोष्टी वहीत उतरवून घ्यायची. तो रेडिओसुद्धा तिनं सांगलीतनं दुरुस्त करून आणला. पण दर खेपेला पाला कुचकामी ठरायचा. ताटलीत काहीच व्हायचं नाही. तिचे सर रागवायला लागले, संशोधनाची मुदत संपत आली, आणि पोरीचा चेहरा पार उतरला.

एका सकाळी दूध घेऊन येताना मला तात्याबा दिसला. कालव्याच्या कडेला बसून कडूपाला खुडत होता. कालव्याकडचा पाला गुडघाभर, हिरवागार, मेंढरूही आवडीनं खाईल असा. माथ्यावरचा वीतभर, करपलेला, जिभेला लावला तर दिवसभर तोंड कडू. हा फरक जन्मभर मेंढरं राखलेल्या माणसाला मी सांगायचा?

"गुडगा दुकतोय म्हनून हितनं घेतोस व्हय रं?" मी विचारलं.

हो म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. पण तो म्हणाला, "माथ्यावरचा दिला की तिचं काम हुतंय. काम झाल्यावर कशाला येती ती?"

माझं डोकंच सणकलं. "अरं म्हाताऱ्या, पोरीचं वाटुळं करतूस! तिकडं ती रडकुंडीला आलीया आन् तू हितं बसून..." पुढं बरंच बोललो, ते सांगण्यासारखं नाही. तो खुडतच राहिला.

"तुला न्हाई कळायचं गड्या," एवढंच म्हणाला. "तुज्याकडं दिसभर मानसं येत्यात."

पोरीला सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. पण जीभ रेटली नाही.

पुढच्या खेपेला संयोगिता आली, पण तिनं पिशवीला हात लावला नाही. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, "आबा, ही शेवटचीच खेप. पहिल्या वेळी माझ्याच हातनं काहीतरी चूक झाली असणार. तसं सरांना लिहून देते आणि सोडते हे सगळं. तुम्ही एवढा पाला दिलात, माझ्याच हाताला यश नाही."

तात्याबा उठला. काठी घेतली. "चल," म्हणाला.

मी टपरी बंद करून मागनं निघालो. त्या गुडघ्यानं माथा गाठायला दोन तास लागले. वर जाऊन तो पाल्याजवळ खालीच बसला. "पयला पाला हितला. मागचं तिन्ही डाव कालव्याकडचा. चुकून न्हाई, जानून दिला. तू येत ऱ्हावीस म्हनून."

पोरगी शिव्या घालेल असं मला वाटलं. तिचा हक्कच होता. पण तिनं वही काढली आणि एकेक विचारत गेली: कुठला पाला, कुठल्या महिन्यातला, पाण्यापासनं किती लांब. डोळे पुसत होती आणि लिहीत होती. शेवटी म्हणाली, "आबा, नुसतं ये म्हणाला असता तरी आले असते की." उतरताना तिनं त्याचा हात धरला होता.

दोन महिन्यांनी माझ्या मोबाइलवर तिचा फोन आला. मी स्पीकर लावला. माथ्यावरच्या पाल्यानं पुन्हा काम केलं होतं. आणि गंमत बघा, तात्याबाची लबाडीच उपयोगी पडली. दोन्ही पाले शेजारी ठेवल्यावर कळलं, झाडाचं पाणी तुटलं की मगच ते औषधी द्रव्य त्यात तयार होतं. "मी बागायतीतली, आबा," ती म्हणाली. "पाणी तोडून बघावं हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. आता इथं सांगलीतच कुंड्यांत लावलाय. पाणी तोडलं की झालं. तुम्हाला डोंगर चढायचा त्रास नाही. येईन मी, नक्की येईन!"

"ये की," तात्याबा म्हणाला.

फोन बंद झाल्यावर तो मोबाइलकडं बघत बसला. मग म्हणाला, "पानी तुटलं की गुन येतो म्हनं. मग हरणी गेल्यापास्नं मला किती यायला पायजे हुता रं."

अकरा वर्षं हा माणूस माझ्या बाकड्यावर चहा पितोय, आणि मी एकदाही त्याच्याशेजारी टेकलो नव्हतो. मला माझीच लाज वाटली.

त्याला आठ महिने झाले. पोरीचे फोन येतात अधनंमधनं. ती आलेली नाही. परवा सकाळी बघतो तर तात्याबानं दाढी केलेली, पटका धुतलेला. पोरीचा येते म्हणून फोन आला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी मी चांगलं दूध आणलं, दोन कप चहा केला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो.