एकोणचाळिसाव्या वर्षी वर्दी

लष्करात जायचा अर्ज भरला तेव्हा मला एकोणचाळीस पूर्ण झाली होती. त्याआधी सोळा वर्षं मी एका विमा कंपनीत मोटार अपघातांचे दावे तपासत होतो. नोकरदारांना नोकरी न सोडता, चाळिशीनंतरही अधिकारी म्हणून घेणारी लष्कराची एक शाखा आहे, हे ऑफिसातल्या एकाकडून कळलं. घरी न सांगता लेखी परीक्षा दिली. पास होईन असं वाटलंच नव्हतं. निकाल आला आणि मी पास झालो होतो.

बायकोला सांगायला आठ दिवस लागले. सिल्व्हर पार्कातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात ती मटार सोलत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?"

"खूप वाटतेय."

"मग कशाला जातोयस?"

मोडक्या गाड्यांचे फोटो बघून खरं-खोटं ठरवायचं आणि अजून वीस वर्षं तेच करायचं, याचीही मला भीतीच वाटत होती. तेवढंच कसंबसं बोललो. ती म्हणाली, "आईंना तूच सांग. मी नाही सांगणार."

आई रडेल असं वाटलं होतं. "पोरगी नऊ वर्षांची आहे तुझी," एवढंच म्हणून ती आत गेली. दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

निवड चाचणीच्या तयारीसाठी घराजवळच्या नवघरच्या मैदानावर धावायला जाऊ लागलो. दुसऱ्याच फेरीला छातीत कळ यायची आणि आपण इथेच आडवे होणार असं वाटायचं. तिथे फिरायला येणारे एक गुजराती काका रोज हिंदीत विचारायचे, डॉक्टरने सांगितलंय का. मी हो म्हणायचो.

निवडीची चाचणी पाच दिवसांची होती. आमच्या गटात सगळे तिशी-चाळिशीतले. एक बँकेतला, एक वकील, एक शाळामास्तर. चौथ्या दिवशी उंचावरच्या अरुंद फळीवरून चालायचं होतं. मी घरी गॅलरीच्या कठड्यालाही टेकत नाही. फळीच्या मध्यावर पाय थिजले. खाली अधिकारी घड्याळ बघत उभे. शेवटी मी बसलो आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून सरकत पलीकडे गेलो. मागचं कोणी हसलं नाही. फळीवर काय झालं, असं मुलाखतीत विचारल्यावर सांगितलं, घाबरलो होतो, पण परत फिरायचं नव्हतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. संपलं, असं वाटलं.

निवड झालेल्यांचे नंबर वाचले, त्यात माझा होता.

प्रशिक्षण झालं आणि डोंगराळ भागात नेमणूक मिळाली. हाताखाली तीस जवान. त्यांचा हवालदार माझ्याच वयाचा, पण वीस वर्षं नोकरी झालेला. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोन ट्रक घेऊन निघालो आणि वाटेत दरडीचे दगड पडलेले दिसले. जवानांनी रस्ता मोकळा केला. हवालदाराने विचारलं, पुढे जायचं की थांबायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजवर मी अपघात होऊन गेल्यावर पोचत होतो. इथे तो व्हायचा होता की नाही, हे मला ठरवायचं होतं.

"आप होते तो क्या करते?" मी त्यालाच विचारलं.

"रुकता, साहब."

आम्ही थांबलो. तासाभरात पुढच्या वळणावर अर्धा डोंगर खाली आला. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही.

माझ्या जिभेवर 'चलो' आलं होतं. संध्याकाळी चहा पिताना मी ते हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "आपने पूछ लिया, साहब. बस." त्याला ते पुरेसं होतं. मला कितीतरी दिवस जेवण गेलं नाही.

पुढे विमा कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा दिला. आता लष्करातलं तिसरं वर्ष चालू आहे. भीती कमी झालेली नाही, पण हुकूम देण्याआधी विचारायची लाज वाटत नाही. दरडीचं मी घरी अजून सांगितलेलं नाही. बायको फोनवर विचारते, "तिकडे सगळं ठीक ना?" मी हो म्हणतो. ती जरा थांबते आणि मग मुलीकडे फोन देते.